मराठी निसर्गलेखनाचा कान

‘पक्षिनिरीक्षण’ या आपल्या शब्दातच एक अडचण आहे. निरीक्षण म्हणजे डोळ्यांचे काम. दुर्बीण, छायाचित्र, चित्रांचे पुस्तक ही या छंदाची सगळी साधने डोळ्यांची आहेत. प्रत्यक्षात शहरात राहणाऱ्या माणसाला पक्षी आधी भेटतो तो कानाला. साताऱ्यात पहाटे अंथरुणात पडल्या पडल्या दयाळाची शीळ ऐकू येते. मागच्या परड्यात शिंप्याचा त्याच्या देहाच्या मानाने फार मोठा आवाज उमटतो. ऊन चढले की तांबटाचे ठोके सुरू होतात आणि दिवेलागणीला वाड्याच्या पडक्या भिंतीत पिंगळ्यांचे भांडण लागते. यांतला एकही पक्षी तोवर दिसलेला नसतो. महादरे तलावाच्या वाटेवर किंवा अजिंक्यताऱ्याच्या उतारावर तासभर फिरून मी घरी येतो, तेव्हा माझ्या वहीतल्या निम्म्याहून अधिक नोंदी नुसत्या ऐकलेल्या असतात. पूर्वी अशा नोंदींपुढे मी कंसात ‘दिसला नाही’ असे लिहीत असे, जणू काही कमीच पडले. ही सवय मला कुठून लागली याचा शोध घेताना मराठीतली निसर्गविषयक पुस्तके पुन्हा वाचली. हा लेख त्या वाचनातून झाला आहे. माझे शिक्षण वाणिज्य शाखेचे आणि आयुष्य हिशेबाच्या वह्यांत गेले. पक्षिशास्त्र आणि वाङ्मय दोन्ही घरबसल्या शिकलो. तेव्हा काही उणे राहिले असेल तर जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

माझा मुद्दा थोडक्यात असा. मराठी माणसाला पक्ष्यांचा आवाज ऐकू येत नव्हता असे नाही. उलट त्याने तो फार ऐकला. पण ऐकलेल्या आवाजाला त्याने लगेच अर्थ दिला आणि अर्थ मिळाला की ऐकणे थांबवले. आधुनिक निसर्गलेखकांनी हा अर्थ बाजूला सारला, पण त्याच्या जागी कान ठेवण्याऐवजी डोळा ठेवला. मधली जागा रिकामीच राहिली.

शकुन

‘शकुन’ या संस्कृत शब्दाचा एक अर्थ पक्षी असाच आहे. पक्ष्यावरून भविष्य ओळखायचे म्हणून भविष्याच्या खुणेलाच पक्ष्याचे नाव मिळाले. ऋग्वेदाच्या दुसऱ्या मंडलाच्या शेवटी शकुन सांगणाऱ्या पक्ष्याला उद्देशून दोन सूक्ते आहेत. त्याने शुभ बोलावे अशी त्यांत विनवणी आहे. आपल्याकडे पहाटे कंदील घेऊन येणारा पिंगळा जोशी याच परंपरेतला. पिंगळा पक्षी बोलतो, त्याचा अर्थ मी सांगतो, हा त्याचा दावा. ज्ञानेश्वरांच्या विरहिणीला कावळ्याच्या ओरडण्यात पाहुण्याची वर्दी ऐकू येते, आणि आजही खिडकीत कावळा ओरडला की घरातले कुणीतरी ‘कोण येणार आहे?’ म्हणतेच.

टिटवीचे उदाहरण घ्या. घरावरून टिटवी ओरडत गेली की अशुभ, असे माझी आई मानत असे. टिटवी उघड्या जमिनीवर, खडेगोट्यांत अंडी घालते. कुत्रे, गुरे किंवा माणूस अंड्यांच्या दिशेने गेला की ती उठते आणि आकांत करते. रात्रीदेखील तिची झोप सावध असते. म्हणजे तिच्या ओरडण्यात अशुभाची वर्दी आहे हे खरेच. फक्त ते अशुभ तिच्यावर आलेले असते, आणि बहुतेक वेळा ते अशुभ म्हणजे आपणच असतो. परंपरेने आवाज बरोबर टिपला, त्यातली भीतीही ओळखली. पण ती भीती आपल्यासाठी आहे असे समजून घेतले. पक्ष्याच्या बोलण्याचा विषय आपणच असणार, हे गृहीत त्यामागे आहे.

पावशाची चार भाषांतरे

पावशा हे त्याहून बोलके उदाहरण. माझे वडील खटाव तालुक्यात कोरडवाहू शेती करत. चैत्र-वैशाखात पावशा ओरडू लागला की ते म्हणत, ‘ऐक, पेरते व्हा, पेरते व्हा म्हणतोय.’ पाऊस बेभरवशाचा, त्यामुळे त्यांना हा आवाज धीर देणारा वाटे. हाच पक्षी उत्तरेत ‘पी कहाँ’ विचारतो. बंगालीत तो ‘चोख गेलो’, म्हणजे डोळे गेले, असा टाहो फोडतो. इंग्रज साहेबाला उन्हाळ्याच्या रात्री झोप लागत नसे. त्याने त्याच तीन-चार अक्षरांत ‘ब्रेन फीवर’ ऐकले आणि पक्ष्याचे नावच मेंदूज्वराचा पक्षी ठेवले. आवाज एकच. शेतकऱ्याला पेरणी ऐकू आली, विरहिणीला प्रियकर, परक्या मुलखातल्या साहेबाला आजार.

पक्षी स्वतः काय करतो? ओरडणारा नर असतो. तो आपला इलाखा जाहीर करतो आणि मादीला बोलावतो. पावशाची मादी स्वतः घरटे बांधत नाही, ती सातभाईंच्या घरट्यात अंडी घालते. तेव्हा सातभाईंच्या विणीच्या काळाशी पावशाला आपला हंगाम जुळवावा लागतो, आणि तो काळ उन्हाळ्यातून पावसाळ्यात शिरणारा आहे. म्हणजे वडिलांचे पंचांग पूर्ण चुकीचे नव्हते. पावशाचा आवाज आणि मृगाची बाजरी यांचा संबंध आहे, पण तो सातभाईंच्या घरट्यावरून वळसा घेऊन जातो. लोककानाने वेळ बरोबर धरली, कारण मात्र ऐकले नाही.

याचा एक परिणाम असा की हंगाम संपला की पक्षीच संपला असे आपण मानतो. हिवाळ्यात पावशा गप्प असतो, म्हणून तो ‘गेला’. कोकीळ गप्प असतो, म्हणून तो वसंतात ‘आला’. वास्तविक कोकीळ बाराही महिने आपल्याकडे असतो, फक्त बोलत नाही. मौन म्हणजे गैरहजेरी नव्हे. ही गोष्ट पुढे माझ्यावरच उलटली, तिच्याकडे शेवटी येतो.

कोकिळा गात नाही

मराठी कवितेत आणि गाण्यात कोकिळा गाते. लहानपणापासून आपण तसेच ऐकले. वास्तवात आंब्यावर ‘कुहू’ करणारा काळाभोर नर असतो. मादी तपकिरी, अंगभर पांढऱ्या ठिपक्यांची. तिचा आवाज म्हणजे तुटक, कर्कश ‘किक्-किक्-किक्’. तरीही मोठ्या गायिकेला आपण कोकिळेची उपमा देतो. १९०५ साली मिरजेत जन्मलेल्या हिराबाई बडोदेकरांना सरोजिनी नायडूंनी ‘गानकोकिळा’ म्हटले. पुढे तेच बिरुद लतादीदींना लागले, ज्यांच्या बालपणाची काही वर्षे सांगलीत गेली. म्हणजे आमच्या कृष्णाकाठाने दोन गानकोकिळा पाहिल्या आणि झाडावरच्या कोकिळेला मात्र एकदाही धड ऐकले नाही.

इथे आणखी एक घाई टाळली पाहिजे. ‘पक्ष्यांत गाणे फक्त नराचे’ असे आता शिकलेली मंडळी ठासून सांगतात. तेही अपुरे आहे. तो समज मुख्यतः युरोप-अमेरिकेच्या थंड प्रदेशांतल्या पक्ष्यांवरून बनला. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक पाहणीत गाणाऱ्या पक्ष्यांच्या तपासलेल्या जातींपैकी ७१ टक्के जातींत मादीही गाते असे आढळले. म्हणजे कवींनी कोकिळेच्या बाबतीत चूक केली, आणि विज्ञानाने बराच काळ इतर अनेक माद्यांच्या बाबतीत. दोघांचे कारण एकच : काय ऐकू यायचे ते आधीच ठरलेले होते.

संगीतशास्त्रातही तसेच झाले. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाने शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. त्यात सप्तस्वर प्राण्यांना वाटून दिले आहेत : षड्ज मोराचा, ऋषभ चातकाचा, मध्यम क्रौंचाचा, पंचम कोकिळाचा. कल्पना सुंदर आहे. पण कोकीळ एका स्वरावर थांबतच नाही. त्याची प्रत्येक ‘कुहू’ आधीच्या ‘कुहू’पेक्षा वर चढते आणि मग एकदम तुटते. मिरजेत तंतुवाद्ये बनवणाऱ्या कारागिराच्या शेजारी बसून हे ऐकले, तर तो तंबोरा कोणत्या पंचमात मिळवायचा हाच प्रश्न पडेल.

तीन लेखक

आता आधुनिक लेखकांकडे वळू. व्यंकटेश माडगूळकरांचा जन्म १९२७ साली माडगूळला झाला. ते गाव तेव्हा औंध संस्थानात होते. पुढे दक्षिण सातारा जिल्हा झाला, आणि १९६० पासून त्याला सांगली जिल्हा म्हणतात. माडगूळकर चित्रकार होते आणि त्यांचे निसर्गलेखन चित्रकाराचे आहे. ‘नागझिरा’मध्ये मोजक्या रेषांत जनावर उभे राहते, त्याची चाल, उभे राहण्याची ढब, अंगावर पडलेला उजेड दिसतो. १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेल्या ‘सत्तांतर’मध्ये वानरांच्या टोळ्यांतला सत्तासंघर्षही आपण मुख्यतः पाहतो. याच माणसाने अनेक वर्षे पुणे आकाशवाणीच्या ग्रामीण विभागात काम केले, म्हणजे पोट कानाच्या माध्यमावर भरले, हे लक्षात घेतले की थोडे आश्चर्य वाटते. त्यांच्या पात्रांचे संवाद कानाने लिहिलेले आहेत यात शंका नाही. माणदेशी बोलीचा इतका नेमका कान मराठीत विरळा. माणसासाठी त्यांनी कान वापरला आणि रानासाठी डोळा, असे मला वाटते. हा दोष म्हणून सांगत नाही. पण त्यांच्या मागून आलेल्यांनी तो रानाचा डोळा घेतला, बोलीचा कान घेतला नाही, हे नुकसान मोठे आहे.

मारुती चितमपल्ली यांचे मोठेपण शब्दांत आहे. जून २०२५ मध्ये ते गेले, त्याच वर्षी त्यांना पद्मश्री मिळाली होती. वनखात्याच्या नोकरीत त्यांनी रानातल्या माणसांकडून शब्द गोळा केले. नवेगावबांधच्या माधवराव पाटील डोंगरवारांसारखे जाणते त्यांचे गुरू झाले. हंसदेवाचे ‘मृगपक्षिशास्त्र’ त्यांनी मराठीत आणले, ‘पक्षिकोश’ सिद्ध केला. जिथे शब्द नव्हता तिथे तो घडवला : कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’, बगळ्यांच्या वसाहतीला ‘सारंगागार’. पण त्यांनी घडवलेले जे शब्द लोकांच्या तोंडी बसले, ते ठिकाणांचे आणि वस्तूंचे आहेत. वर चढत जाऊन तुटणाऱ्या आवाजाला, एका ठेक्यात तासभर चालणाऱ्या आवाजाला, दोन पक्ष्यांच्या सवाल-जवाबाला मराठीत आजही सर्वमान्य शब्द नाही. चितमपल्लींसारखा शब्दप्रभूही ते काम पुरे करू शकला नाही, यावरून त्या कामाची कठीणता कळते.

तिसरे किरण पुरंदरे. पक्ष्यांचे आवाज गळ्यातून हुबेहूब काढणारे हे लेखक. ‘सखा नागझिरा’ रानाचे, तर ‘मुठेवरचा धोबी’ पुण्याच्या मुठा नदीकाठचे. शहरातल्या घाणेरड्या झालेल्या नदीवरही पक्षी पाहण्याजोगे आणि लिहिण्याजोगे असतात, हे या दुसऱ्या पुस्तकाने मराठी वाचकाला सांगितले. माझ्यासारख्या गावाबाहेर फार न जाणाऱ्याला त्याचे मोल विशेष वाटते. पण त्यांना समोर ऐकणे आणि कोणाचेही पुस्तक वाचणे यांत अंतर पडतेच. गळ्यातला आवाज कागदावर उतरताना ‘टिव-टिव’, ‘चक-चक’ होतो. देवनागरीत ध्वनी लिहिण्याची ताकद मोठी आहे, पण अक्षरांतून स्वराची उंची कळत नाही आणि लयही कळत नाही.

आपल्याच घरातले शब्द

मग हे शब्द आणायचे कुठून? माझे उत्तर सोपे आहे. ज्या भाषेत मींड, गमक, तान, ठेका, मात्रा, सम, तार सप्तक हे शब्द सुशिक्षितालाच काय, भजनी मंडळातल्या माणसालाही कळतात, तिला आवाजाचे वर्णन करता येऊ नये हे नवल आहे. पावशाचे ओरडणे म्हणजे प्रत्येक आवर्तनाला वरच्या स्वरात सरकणारी आणि तार सप्तकात फुटणारी तान. तांबटाचा आवाज म्हणजे न बदलणारा ठेका; त्यात चढउतार नाही, आहे ती फक्त लय. महाबळेश्वरच्या रानातला शीळकरी कस्तूर पावसाळ्यात शीळ घालतो, तेव्हा तो एखाद्या सहज गुणगुणणाऱ्या माणसासारखा एका स्वरावरून दुसऱ्यावर मींड घेत घसरतो आणि कुठेच सम गाठत नाही. हे वर्णन परिपूर्ण नाही, पण वाचून पक्षी ओळखता येईल इतके आहे. शार्ङ्गदेवाने पक्षी स्वरांना वाटून टाकले. आपण उलट करावे, स्वरांची भाषा पक्ष्यांना ऐकण्यासाठी वापरावी.

नावांचेही तसेच. तांब्याच्या भांड्यावर हातोडी पडावी तसा आवाज म्हणून तांबट. कुटुर्र-कुटुर्र म्हणून कुटुर्गा. कोकीळ, काक, टिटवी ही नावेही आवाजातून आलेली. भारद्वाजाला खेड्यात कुक्कुडकोंबा म्हणतात, ते त्याच्या घुमणाऱ्या ‘कूप-कूप’मुळेच. आता पुस्तकांतून कुटुर्ग्याला ‘तपकिरी डोक्याचा तांबट’ असेही म्हटलेले दिसते. महाराष्ट्र पक्षिमित्र संघटनेने प्रमाण मराठी नावांसाठी खटपट केली, ती आवश्यकच होती. जिल्ह्या-जिल्ह्याला नाव बदलले तर नोंदी जुळणार कशा? माझे म्हणणे एवढेच की इंग्रजी नावाचे भाषांतर करताना कानाने ठेवलेले नाव डोळ्याने ठेवलेल्या नावासाठी गाळू नये. तपकिरी डोके दिसायला पक्षी दिसावा लागतो, आणि कुटुर्गा पानांत दडून बसतो.

यंत्राचा कान

पक्ष्याच्या आवाजाचे जगातले सर्वांत जुने ज्ञात ध्वनिमुद्रण १८८९ सालचे. जर्मनीत लुडविग कोख नावाच्या लहान मुलाने पिंजऱ्यातल्या शामा पक्ष्याचा आवाज मेणाच्या नळकांड्यावर टिपला. शामा आपल्या सह्याद्रीतही राहतो. म्हणजे या विद्येची सुरुवातच आपल्या ओळखीच्या पक्ष्यापासून झाली, पण परदेशात आणि पिंजऱ्यात. आपल्या भागात सांगलीच्या शरद आपटे यांनी पक्ष्यांचे आवाज रानात जाऊन ध्वनिमुद्रित करण्याचे काम चिकाटीने केले. अशा कामाला वाङ्मयात स्थान नाही, कारण ते पुस्तक नव्हे. मला ते निसर्गलेखनच वाटते. फक्त शाई वेगळी.

२०२१ पासून अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या ‘मर्लिन’ या अॅपमध्ये आवाजावरून पक्षी ओळखण्याची सोय आली. मोबाइल पुढे धरला की नाव उमटते. तिचा फायदा मी रोज घेतो. पण एक गोष्ट लक्षात आली आहे. नाव आले की माणूस मोबाइल खिशात टाकतो आणि पुढे चालू लागतो. पिंगळा जोशी भविष्य सांगून ऐकणे थांबवत असे, अॅप नाव सांगून थांबवते. दुसरा धोका गंभीर आहे. ध्वनिमुद्रित आवाज मोठ्याने वाजवून पक्ष्याला छायाचित्रासाठी बाहेर काढण्याची चाल पडली आहे. विणीच्या दिवसांत नराला वाटते इलाख्यात दुसरा नर घुसला. तो घरटे आणि चारा सोडून नसलेल्या शत्रूशी झुंजत राहतो. त्याचा आवाज त्याच्याविरुद्धच आमिष म्हणून वापरला जातो, आणि निघालेल्या छायाचित्राला आपण निसर्गप्रेम म्हणतो.

आपला कान, त्यांचा आवाज

शहराचा गोंगाट पक्ष्यांनाही ऐकू येतो. नेदरलँड्समधल्या लायडन शहरात २००३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की जिथे वाहनांचा आवाज जास्त, तिथले रामगंगा वर्गातले पक्षी अधिक वरच्या पट्टीत गातात, कारण वाहनांची घरघर खालच्या पट्टीत असते. पुणे-बेंगळुरू महामार्ग साताऱ्याच्या कडेने जातो. तिथल्या पक्ष्यांचे काय होते याचा अभ्यास करायला स्वस्त ध्वनिमुद्रक, वही आणि दोन-तीन वर्षांचा धीर पुरे आहे. महाविद्यालयातल्या एखाद्या विद्यार्थ्याने हे काम घ्यावे.

मला ते आता करता येणार नाही. गेल्या दोन वर्षांच्या वह्या चाळताना माझ्या लक्षात आले की चष्मेवाला आणि फुलटोच्या यांच्या नोंदी जवळजवळ बंद झाल्या आहेत. मी मनातल्या मनात कारणेही ठरवली होती : परडी बुजली, झाडे गेली, फवारण्या वाढल्या. त्यावर एक टिपण लिहायलाही घेतले होते. मग एका सकाळी शेजारची शाळकरी मुलगी म्हणाली, ‘काका, किती चिवचिवतायत वर, चष्मेवालेच ना?’ मी मान वर केली. शेवग्याच्या शेंड्याला पाच-सहा चष्मेवाले होते. मला काहीच ऐकू आले नव्हते. कानाची तपासणी केली. वयाबरोबर आधी वरच्या पट्टीतले आवाज जातात, तसे माझे गेले होते. पक्षी होते तिथेच होते, फक्त माझ्यासाठी ते मुके झाले होते.

ते टिपण मी फाडून टाकले. मौन म्हणजे गैरहजेरी नव्हे, हे कोकिळाच्या बाबतीत इतरांना सांगणारा मी त्याच खड्ड्यात पडलो होतो. पक्षी खरोखर कमी होत आहेत. २०२३ च्या देशव्यापी अहवालाने तपासलेल्या ९४२ जातींपैकी १७८ जाती संवर्धनाच्या दृष्टीने तातडीच्या ठरवल्या, आणि त्याच अहवालात कोकीळ वाढलेल्या जातींत आहे. म्हणूनच आमच्यासारख्या हौशी लोकांच्या नोंदींना किंमत आहे, आणि म्हणूनच नोंदीत ‘पक्षी नाही’ आणि ‘मला ऐकू आला नाही’ हा फरक लिहिणे गरजेचे आहे.

नोव्हेंबरात ५ ते १२ तारखेला, चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून सालिम अली यांच्या जन्मदिनापर्यंत, महाराष्ट्रात पक्षी सप्ताह असतो. शाळांतून चित्रांची प्रदर्शने भरतील. त्यात एक सकाळ डोळे मिटून बसण्याची ठेवावी असे सुचवतो. मुलांनी काय ऐकले ते आधी त्यांच्याच शब्दांत लिहावे, नाव नंतर शोधावे. त्याबरोबर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारावे, ‘पावशा काय म्हणतो? होला काय म्हणतो?’ ही उत्तरे खरी नसतील, पण ती ऐकलेली आहेत आणि सांगणारी माणसे फार काळ राहणार नाहीत. माझ्या वहीत मी आता दोन रकाने केले आहेत. एक माझ्या कानाचा, दुसरा त्या शेजारच्या मुलीच्या. दुसरा रकाना रोज लांब होत चालला आहे.